माझ्या अक्षरातला कागद

“आत्या वारली, लगेच नीघ” एवढीच तार होती, इंग्रजीत. आमच्या कुळात इंग्रजी तार न अडखळता वाचणारा मी पहिलाच, आणि वाचली ती ही.

जानकीआत्या देवबागची. आई गेल्यावर मला तिनेच पोटच्या मुलासारखं वाढवलं, ‘माझो झील’ म्हणत. डोक्यावर माशांची पाटी घेऊन वाळू तुडवत ती मालवणच्या बाजाराला जाई. तिच्या त्या पाटीवरच मी कॉलेजात गेलो. पदवीचा कागद दाखवला तेव्हा तिने तो उलटसुलट करून पाहिला, आणि म्हणाली, “ह्या कागदात चार बांगडे बांधूक येतले मां रे?” मग पदराने पुसून देवाजवळ ठेवला.

साठीनंतर तिला चक्कर येऊ लागली. मालवणच्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती गप्प गप्प राहू लागली, झोपेना. दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेचं मिक्श्चर दिलं, बाटलीला डोसांची कागदी पट्टी लावून. मग हात थरथरायला लागले. मी तिला मुंबईला, माझ्या नोकरीच्या गावी, नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आणखी दोन गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, “बाकीची चालू ठेवा.” आधीच्यांनी काय दिलंय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कोटातल्या माणसाला आपण काय सांगायचं?... मी देवबागला घरी येऊन सगळ्या औषधांचं वेळापत्रक केलं, शाईने, ठसठशीत अक्षरात, आणि तिच्या खाटेजवळच्या भिंतीला भाताच्या खळीने चिकटवलं. आत्याजवळ राहणाऱ्या माझ्या वहिनीला बजावलं, यातली एक वेळ चुकता कामा नये.

चुकली नाही. आत्या दिवसभर झोपू लागली. शिडावरून होडी कुणाची ते ओळखणारी बाई, दारातल्या माणसाला “तू खंयचो?” म्हणू लागली. लोक म्हणाले, म्हातारपण. मीही तेच म्हणालो.

वहिनीचं माहेर कट्ट्याचं. तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आला होता. वहिनी आत्याला तिकडे घेऊन गेली. “आजी, घरात आहेत तेवढी सगळी औषधं आणा,” तो म्हणाला. पुढच्या खेपेला वहिनीच्या आधाराने आत्याने पाटीच नेली आणि त्याच्या टेबलावर उपडी केली. त्याने एकेक बाटली उजेडाला धरून पाहिली. मिक्श्चर झोपेचं, आणि मुंबईची रात्रीची गोळीही झोपेचीच! हळूहळू एकेक कमी करत त्याने दोनच औषधं ठेवली. महिन्याभरात आत्या उंबऱ्यात बसून कावळ्यांना शिव्या देऊ लागली.

चतुर्थीला मी गेलो तेव्हा ती मला नावाने हाक मारून उठली. आणि मी काय पाहिलं? बाटल्या कमी झालेल्या. “मुंबईच्या डॉक्टरपेक्षा कट्ट्याचा शहाणा?” मी वहिनीवर ओरडलो. खरं म्हणजे मुंबईच्या डॉक्टरचा नव्हे, माझ्या कागदाचा अपमान झाला होता. मी मालवणहून सगळं पुन्हा आणलं.

आत्या म्हणाली, “जुना म्हावरा भायर काढल्याबिगर पाटयेत नवा घालूचा नसता रे. दोनीय कुसतत.”

“आत्या, औषध म्हणजे मासे नव्हेत,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “बरा. शिकलंस तू. तुका म्हायत.” आणि तिने गोळ्यांसाठी हात पुढे केला.

दिवाळीच्या आधी ती सकाळी झोपेच्या गुंगीत उठली आणि उंबऱ्यात पडली. मांडीचं हाड मोडलं. त्यातून ती उठली नाही. मालवण-मुंबईच्या त्या डॉक्टरांना मी शिव्या दिल्या, अजून देतो. पण पुन्हा सुरू करा असं त्यांच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर मी तो कागद ओरबाडायला गेलो. वहिनीने हात धरला. “नको भावजी. आत्येक वाचूक येय नसला, पण घराक येयत त्येका दाखवी. माझ्या झिलाचा अक्षर बघा, म्हणी...”

कागद भिंतीवर तसाच आहे. खाली खुंटीला पाटी आहे, रिकामी, धुतलेली, उपडी. कट्ट्याहून आल्यावर ती आत्यानेच टांगलेली.