ओढ्यातले सहा खड्डे

चहा घेता घेता ऐका, पण हसणं शेवटासाठी राखून ठेवा. चाळीस वर्षं कीर्तनाला उभा राहिलेला, पंचाहत्तरी गाठलेला माणूस मी. माझ्या हातून आयर्लंडमध्ये जे घडलं, ते आमच्या देवळात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझी लेक मीनल किलकेनीला डॉक्टर आहे. घर शहराबाहेर आणि परसदारी ओढा. कार्तिक लागला तेव्हा मी तिच्याकडेच होतो. आता मला सांगा, दाराशी वाहतं पाणी असताना कार्तिकात नळाखाली तांब्या धरून सूर्याला अर्घ्य द्यायचं? मनाला पटेना. पण मीनलने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाबा, ओढ्यात उतरायचं नाही. दगडांवर शेवाळ आहे. पाय मोडलात तर माझ्याच वॉर्डात याल."

ती सातला कामावर निघे. तिथला सूर्य त्या दिवसांत साडेसातनंतर उगवतो. यात भगवंताचीच योजना आहे, असा सोयीचा अर्थ मी लावला.

पाणी जेमतेम घोटाभर, तांब्या बुडेना. आमच्या गावी अशा वेळी पात्रात झिरा उकरतात. वीतभर खोल खळगा करायचा आणि निघालेली खडी उतरत्या अंगाला रचायची. मी धोतर खोचलं, जावयाचे गमबूट चढवले, बागेतलं खुरपं घेतलं आणि शेवाळलेले दगड घासूनपुसून झिरा तयार केला. पण तिथे पाऊस रोजचा. चार दिवसांत त्यात पाला आणि गाळ साचे. देवाला गढूळ पाणी कसं द्यावं? मग शेजारी नवा झिरा. महिनाभरात सहा झाले. पाचव्यात माझी पूजेची पळी हरवली.

दुपारी पुलावर डॉनल भेटे. माझ्याच वयाचा, गावातल्या गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाचा जुना सभासद. हे मंडळ दरवर्षी हौदात वाढवलेले ट्राउट मासे विकत आणून ओढ्यात सोडी. डॉनल म्हणे, सोडू नका. मूळचा रानटी ट्राउट अजून इथे आहे, त्याला जागा द्या, तो आपली वीण आपण वाढवील. वीस वर्षं तो हेच सांगत होता आणि वीस वर्षं लोक त्याला हसत होते.

एके दिवशी तो अक्षरशः धावत आला. मोबाइलवर ओढ्याच्या तळाचे सात फोटो दाखवले. माझा चष्मा घरी; मला काळ्या तळावर उजळ डाग तेवढे दिसले. त्याने समजावलं, ट्राउटची मादी आडवी होऊन शेपटीने तळ झोडपते, खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर खडी ओढते. म्हणून उतरत्या अंगाला असा ढीग दिसतो. सांगताना तो हाताचीच शेपटी करून हवेत झोडपत होता.

मी गहिवरलो. कासवीच्या मायेची महती मी जन्मभर गायली, ही मासळीही त्याच कुळातली! मी त्याच्या फोनला हात जोडले. संध्याकाळी मीनलपुढे त्यावर अर्धा तास निरूपणही केलं.

दुसऱ्याच संध्याकाळी मंडळाची सभा. पोसलेले मासे सोडणं बंद करायचं का, एवढाच विषय. डॉनलच्या आग्रहाने मी आणि मीनल गेलो. भिंतीवर फोटो उमटले, आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. पहिला फोटो ओळखीचा वाटला. दुसरा जास्तच. पाचव्यात, खडीतून, माझी पळी चमकत होती.

गप्प बसलो तर डॉनल जिंकतो. बोललो तर त्याचं हसं, आणि मीनल शेजारी बसलेली. पण सत्य सोडू नका, असं लोकांना आयुष्यभर सांगितलं होतं ना मी? मतासाठी हात वर करायला सांगितलं, तेव्हा मी सबंध उभाच राहिलो.

"तो चमचा माझा आहे," मी म्हणालो. "आणि ते खड्डेही."

मग सूर्य, तांब्या, झिरा, सगळं इंग्रजीतून सांगितलं. मीनलने मराठीत, अगदी हळू विचारलं, "गमबूट कुणाचे घातलेत?"

"ग्रँड," डॉनल म्हणाला. म्हणजे 'छान'; तिथे वाईट बातमीलाही हेच म्हणतात. त्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. मग त्याने विचारलं, "सगळे तुमचेच?"

"पुलाच्या अलीकडचे सहा."

"आणि हा सातवा? पलीकडच्या कुरणातला?"

"तिथे वळू आहे," मी म्हणालो. "तिथे मी देवासाठीसुद्धा जाणार नाही."

हॉल जो हसला, तो थांबेना. दुसऱ्या दिवशी मंडळाचे चौघे वळूची नजर चुकवून तिथे गेले. सातव्या खळग्यावर मादी स्वतः हजर होती, शेपटीने खडी उडवत. त्या एका खळग्यापायी मंडळाने मासे सोडणं थांबवलं.

पळी डॉनलनेच आणून दिली, लख्ख पुसून. म्हणाला, "मादीला एक खळगा करायला दोन रात्री पुरतात. तुम्ही महिनाभर खपून सहा केलेत, आणि अंडं एकही नाही."

जन्मात अंड्याला शिवलो नाही, याचा मला केवढा अभिमान होता. त्या गावात मात्र माझ्यात तेवढंच कमी निघालं.