आईचा पास निघत नाही

पुण्यात नोकरी करणारी माझी लेक जिन्यावरून घसरली, पायाला प्लॅस्टर बसलं, म्हणून मी हिंगोलीहून तिच्याकडं गेले. डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटलं होतं. तिला उठवायचं, आंघोळ घालायची, गरम भाकरी करून द्यायची. माझा दिवस त्यातच जायचा.

आठवडा झाला आणि घरमालकीणबाई आल्या. पायाची चौकशी केली, चहाही घेतला. मग लेकीला म्हणाल्या, "पाहुणे अजून किती दिवस आहेत?"

पाहुणे म्हणजे मी, हे मला जरा उशिरानंच कळलं.

"प्लॅस्टर निघेपर्यंत राहीन म्हणते," मी म्हणाले.

"तसं चालत नाही हो. आठवड्याच्या वर पाहुणे नकोत, अॅग्रीमेंटमध्येच लिहिलंय. सोसायटीवाले मला बोलतात."

त्या गेल्यावर लेकीनं मोबाइलवर कागद उघडला. सगळं इंग्रजी. एजंटनं घाईत मशीनवर तिचा अंगठा घेतला होता, तेव्हा तिनंही तो नीट वाचला नव्हता. आता ती एकेक ओळ वाचून मला मराठीत सांगत होती.

"आई, मी भाडेकरू न्हाईच. मला फक्त राहायची परवानगी हाय."

"मग सोडू हे घर. दुसरं बघू."

"वर्षभर सोडता येत न्हाई. त्यांना मात्र मला काढता येतं."

आम्ही हिंगोलीत बारा वर्षं भाड्यानं राहिलो. घर देताना मालकीण एवढंच म्हणाली होती, तुळशीला पाणी घालत जा. कागद असा नव्हताच.

मी यांना फोन लावला. हे चिडले. "आई काहून पाहुणी होईल? नीट वाचा म्हणावं." आम्ही पुन्हा वाचलं. तेच निघालं.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन मालकीणबाईंना हात जोडले. त्या अवघडल्या. "मला कळतं हो. पण एकाला सूट दिली की सगळेच मागतात. तुम्ही दिवसरात्रीची बाई ठेवा ना, तिचा सोसायटीत यायचा-राहायचा पास करून देते."

"मग माझाच पास करा. मीच बाई म्हणून राहते."

त्या हसल्या. मी थट्टा केली असं त्यांना वाटलं.

बाई आली. चांगली होती, माझ्याच वयाची. लेकीला उठवताना कमरेखाली हात कसा घालायचा ते मी तिला दाखवलं. लेक सारखी म्हणत होती, "तू जा, मी बराबर राहीन." म्हणताना माझ्याकडं बघत नव्हती.

हिंगोलीला आल्यावर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचे. एकदा बाई तिची वेणी घालत होती. केस ओढले गेले की लेक डोळे मिटायची.

"हळू, हळू," मी इकडून म्हणत राहिले. आवाज बंद होता बहुतेक. दोघींपैकी कुणीच वर पाहिलं नाही.