एकमताने झालेला ठराव

आमच्या गावाने इतिहास घडवला आहे. नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, असा ठराव ग्रामसभेत एकमताने मंजूर झाला. विरोधाचा एक शब्द निघाला नाही. त्या आठवड्यात गावात कुणी मेलेलं नव्हतं.

ठराव मांडणारा अजित महिन्यापूर्वी गेला. निपाणीहून फोन आला तेव्हा मला वाटलं, त्याच्या आजारी वडिलांचं काही असेल... तिशीतल्या पोराचं हृदय थांबेल, हे कुणाच्या मनात येतं?

बेळगावची नोकरी सोडून तो गावात परतला आणि निपाणीत कॉम्प्युटर क्लास काढला. उरलेला वेळ गाव सुधारण्यात जाई. कुणाशी बोलायला थांबला तरी मोटारसायकल बंद करायचा नाही. समोरच्याला दोन मिनिटांत पटेल, ही त्याची खात्री. ठरावासाठी तो वर्षभर दारोदार फिरला. पेट्रोल बरंच गेलं. पंचायतीतले सगळ्यात जुने सदस्य, आप्पा, त्याला म्हणाले, "कर की रं ठराव. त्यानं काय कुणाची भाकरी करपत न्हाय." अजितला हा पाठिंबा वाटला. मी म्हणालो, "अरे, सभेत सगळे बाप्ये. बांगड्या फोडतात बायका. त्यांना विचारलंस का?"

"तुमी नुसती खोट काढा, अण्णा," तो हसला. पण दुसऱ्या दिवसापासून बायको सुप्रियाला बरोबर घेऊन घरोघरच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसू लागला. बायका "व्हय, व्हय" म्हणत, चहा देत.

त्याला अंगणात ठेवलं होतं, तेव्हा त्याच्या चुलतीने सुप्रियाचा हात धरला. सुप्रियाने तो मागे ओढला. "काकू, ठराव झालाय."

"ठराव गावाचा गं, बाई. ह्यो आपल्या घरचा मानूस न्हवं?"

सभेत हात वर केलेले सगळे तिथेच होते. कुणी लाकडांची चौकशी करत होतं, कुणी फोन कानाला लावून बाहेर गेलं. मी आप्पांना म्हणालो, "तुम्ही तरी सांगा."

"आज नगं. दुःखाचा दिवस हाय."

ठराव कुठल्या आनंदाच्या दिवसासाठी केला होता, ते त्यांनी सांगितलं नाही... बांगड्या काचेच्या होत्या. वेळ लागला नाही.

गेल्या रविवारी वेशीवर फलक लागला: 'विधवा प्रथामुक्त गाव', खाली अजितचं नाव. कन्नड अक्षरं मोठी की मराठी, यावर पंचायतीच्या दोन बैठका झाल्या होत्या. अजितचं स्वप्न साकार झाल्याचं प्रत्येक वक्त्याने सांगितलं. सुप्रियाला मागच्या रांगेत खुर्ची दिली होती. पाहुण्यांना ओवाळायला पाच सुवासिनी होत्या.