उतारावर न्यूट्रल

गाडी चालवायला मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलो, आणि तीही एकच गाडी. ती बायकोची. तिचा डावा गुडघा फार लवकर गेला, म्हणून तिने क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. अमरावतीत आमच्या ओळखीत तेव्हा तशी गाडी कोणाकडे नव्हती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि जन्मभर सायकलने गेलो-आलो. ती आजारी पडली, तिला दवाखान्यात नेण्या-आणण्याची वेळ आली, तेव्हा तिनेच शेजारी बसून मला शिकवलं. पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, डी म्हणजे पुढे. आणि उतार आला की एन, म्हणजे न्यूट्रल. बडनेऱ्याच्या पुलावर चढ संपला की ती माझ्या हातावर हात ठेवून दांडा डीवरून एनवर सरकवायची. इंजिन शांत व्हायचं, गाडी आपल्या वजनाने खाली घरंगळायची, आणि पूल संपता संपता परत डी. तेवढंच पेट्रोल वाचतं, असं ती म्हणायची. चिखलदऱ्याचा अख्खा घाट तिने असा उतरलेला मी पाहिला आहे, आणि उतरून झाल्यावरचा तिचा चेहराही.

तिला जाऊन चौदा महिने झाले. तिच्या पुष्कळ गोष्टी मी उचलून ठेवल्या, काही देऊन टाकल्या. न्यूट्रलची सवय मात्र चालू ठेवली. पुलावर हात आपोआप दांड्याकडे जायचा.

दर शनिवारी मी अकोल्याला जातो. तिथे माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणतो, एकट्या राहतात. स्वयंपाकाला आणि सोबतीला एक बाई आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना ऑटोत चढता येत नाही आणि बसचं नावच नको. या गाडीची सीट नेमकी त्यांच्या बेताची आहे. दर शनिवारी लेक त्यांना पुढे बसवून गावाबाहेर शेतांच्या कडेने तासभर फिरवायची. काच खाली करून त्या लोकांची पिकं तपासायच्या. आठवड्यातून घराबाहेर पडणं तेवढंच. शेवटच्या महिन्यात बायकोने माझ्याकडून दुसरं काही मागितलं नाही. शनिवार चुकवू नका, एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर गाडी बिघडली. सुरुवातीला डीमध्ये टाकल्यावर ती दोन-तीन सेकंद विचार करायची आणि मग झटका देऊन निघायची. पुढे चालत्या गाडीत, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना, इंजिन मोठ्याने ओरडायचं आणि गाडी मात्र जागच्या वेगातच राहायची. इंजिन गरम झालं की हे जास्त व्हायचं. अमरावतीतल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, गिअरचं तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली आणि तेल पुरेसं आहे म्हणाला. म्हणजे दोष आतला. गिअरबॉक्स नागपूरला पाठवून पूर्ण बांधावा लागेल, एक लाख चाळीस हजार. गाडी विकली तर पावणेदोन लाखही कोणी देणार नाही, हेही त्यानेच सांगितलं. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला की बाबा, विकून टाका आणि टॅक्सीने जात जा. त्याचं गणित बरोबर होतं. पण टॅक्सीत उंच पायरी चढवून आईंना कोण बसवणार, आणि शेताशेताशी थांबणारा टॅक्सीवाला कुठून आणणार, हे त्याला सांगत बसलो नाही. दुसरी कोणतीही गाडी मला चालवता येत नाही, हेही बोललो नाही.

मी जे करत आलो तेच केलं. वाचायला बसलो. गाडीच्या खणात तिचं माहितीपुस्तक होतं, प्लास्टिकच्या वेष्टनातून कधी न काढलेलं. दोन दुपारी पेन्सिल घेऊन मी ते वाचलं. एका पानावर लिहिलं होतं की गिअरचं तेल इंजिनच्या तेलासारखं थंड आणि बंद गाडीत मोजू नये. आधी गाडी वीसेक किलोमीटर चालवावी, सपाट जागी उभी करावी, इंजिन चालू ठेवून दांडा सगळ्या खुणांवरून एकेकदा फिरवावा, पीवर आणावा आणि मगच पट्टी पाहावी. बंद गाडीत तेल जास्त दिसतं. गॅरेजवाल्याने सकाळी, थंड गाडीत, इंजिन बंद असताना पाहिलं होतं. खरं सांगायचं तर चौदा महिने मीही तसंच पाहत होतो, आणि तेल भरपूर आहे या समाधानात होतो.

पुस्तकात सांगितलं तसं केलं. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. जे होतं ते तपकिरी, आणि त्याला जळका वास. त्या रात्री मी गाडीखाली जुना पुठ्ठा टाकला. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एक डाग होता.

अकोल्यात फक्त ऑटोमॅटिकचंच काम करणारा एक जुना मिस्त्री आहे, असं बऱ्याच फोनांनंतर कळलं. पुस्तकात नाव दिलेलं तेल विकत आणलं, नरसाळ्याने थोडं थोडं ओतत खुणांच्या मधे आणलं आणि शनिवारी पहाटेच निघालो. साठच्या वर गेलो नाही. मूर्तिजापूरला थांबून पुन्हा पट्टी पाहिली. गाडी कुरकुरली, पण पोचली.

आधी सासूबाईंना सांगायला गेलो की आज फिरणं नाही, आज गॅरेज. त्या कपडे करून दारात बसल्याच होत्या. म्हणाल्या, मग गॅरेज पाहू. त्यांना घेऊन गेलो. मिस्त्रीने त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची टाकली.

मिस्त्री माझ्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा. त्याने गाडी उघडायच्या आधी चालवून पाहिली, मला शेजारी बसवून. गाडी कधी ओरडते, कितव्या गिअरला, गरम की थंड, चढावर की सपाटीवर, एवढंच विचारत होता. मग यंत्र जोडून गाडीच्या संगणकात साठलेल्या चुका वाचल्या. मग जे केलं ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही. त्याच्याकडे एका डब्यात रुई होती, जिनिंगमधून आणलेला, सरकी काढलेला स्वच्छ कापूस. त्याची चपटी वडी करून त्याने तेलाचा एक थेंब तिच्यावर सोडला आणि आम्ही तिघं ती पाहत राहिलो. थेंब पसरला. मधे काळसर चकती राहिली, कडेला लालसर कड आली. कड लाल आहे म्हणजे तेल अजून पूर्ण मेलेलं नाही, म्हणाला. मग खालचं तेलाचं ताट उतरवलं. त्यात एक चुंबक असतं, झिजलेलं लोखंड धरून ठेवणारं. ते त्याने ताज्या रुईने पुसलं आणि रुई बोटांनी विंचरून पाहिली. करडी भुकटी होती. लोखंडाची काडी, कपची असती तर ती तंतूंत अडकली असती. एकही अडकली नव्हती.

सासूबाईंनी खुर्चीतून हात पुढे केला. रुई मागून घेतली, चिमटीत तंतू ओढून लांबी पाहिली. "रुई चांगली हाये. तेल पुसाले काहून वाया घालवता?"

"आजी, कपड्यानं पुसलं तर कपड्याचाच धागा आत जाते," मिस्त्री म्हणाला. "मंग मलेच पुन्हा खोलाव लागते."

त्यांना ते पटलं. रुई परत केली.

निदान असं निघालं. तेल थंड करायच्या नळीचा रबरी भाग तडकला होता, तिथून महिनोन्महिने तेल गळत होतं. गाळणी भरली होती. गिअर बदलायचा हुकूम देणारा एक विजेचा खटका मंद झाला होता. हे सगळं मिळून बावीस हजार. एक लाख चाळीस हजारांतल्या कशाचीच गरज नव्हती. पण आतल्या प्लेटा, ज्या एकमेकींना धरून गाडी ओढतात, त्या काही जळल्या होत्या. त्या आज बदलायची गरज नाही, सांभाळून चालवली तर दोन वर्षं जातील.

मग हात पुसत त्याने विचारलं, "सर, उतारावर न्यूट्रल करत होतं का कोनी?"

त्याने काय होतं, मी विचारलं.

त्याने समजावून सांगितलं. चालत्या गाडीत न्यूट्रल केलं की आतलं तेल कमी फिरतं, आणि वेगात असताना परत डी टाकलं की त्या प्लेटा एकदम धरतात, घासतात, जळतात. साधी गाडी हे सोसते. हिला ते चालत नाही. असं वर्षानुवर्षं झालं असावं, बारा-तेरा वर्षं तरी.

सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या.

"मी करत होतो," मी म्हणालो.

मिस्त्रीने मान हलवली आणि कामाला लागला. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "जवाईबुवा, तुमी गाडी शिकून तीन वर्सं नायी झाली."

मी खाली पाहिलं.

"ते पोरगी तशीच होती. शाळेतून येताना नदीच्या पुलाहून सायकल सोडून दे. पायडलवरून पाय काढून. दोनदा पडली. तिच्या बापानं मारलं तरी ऐकलं नायी. म्हने, उतार फुकट हाये." त्या हसल्या, मग पदराने तोंड पुसलं. "तुमी तिचं कायले आंगावर घेता? तिनं घेतली तिची मजा."

काम दोन दिवस चाललं. मिस्त्रीने सासूबाईंना आपल्या ठेंगण्या गाडीने घरी सोडलं आणि मी अकोल्यातच, त्यांच्याकडे राहिलो. दोन्ही दिवस गॅरेजमध्ये बसून होतो आणि मिस्त्री प्रत्येक सुटा भाग हातात देऊन दाखवायचा. मुलाला फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाही. मी एवढ्या ठामपणे त्याच्याशी कधी बोललो नसेन. तो बरं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी आईंना पुढे बसवलं आणि राहिलेला शनिवार सोमवारी पुरा करायला निघालो. डीमध्ये टाकताच गाडी न थबकता निघाली. उड्डाणपुलावर चढलो. वर आलो तसा माझा हात दांड्यावर गेला होता. आईंनी तो पाहिला.

"टाका एक डाव," त्या म्हणाल्या. "तिच्या नावानं."

हात तिथेच होता. फार सोपं होतं ते.

"नाही, आई," मी म्हणालो. "दोन वर्षं चालवायची आहे."

मी हात स्टिअरिंगवर आणला. डीमध्येच खाली उतरलो. इंजिनचा आवाज पूल संपेपर्यंत सोबत होता, आणि मला तो नीट ऐकू येत होता.

आईंनी काच खाली केली. "बरं. मंग हळू घ्या," त्या म्हणाल्या. "तूर पायची हाये."