आबांचं खत आणि माझा कांदा

बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी आमच्या बाईंनी प्रत्येकाला मुळं फुटलेला कांदा घरून आणायला सांगितला होता. कांदा पाण्याच्या ग्लासावर बसवायचा, पांढरी मुळं सुटली की त्यांची टोकं कापायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विभागताना दाखवायची. पुण्याच्या कॉलेजचा प्रवेश या मार्कांवर लटकलेला, त्यामुळे सणसरच्या आमच्या घरात त्या कांद्याची बडदास्त जावयासारखी चालली होती.

माझे वडील, आबा, उसातून आले की आधी ग्लासात डोकवायचे. जन्मभर उसाला खत घातलेला माणूस; नुसत्या पाण्यावर काही वाढतं हेच त्यांना पटेना. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दाणेदार खताची चिमूट ग्लासात सोडली. आबांची चिमूट म्हणजे माझी मूठ.

सकाळी मुळं तपकिरी पडून लोळत होती.

"आवं, ऊस हाय का त्यो?" आई कडाडली.

"वाईचच घातलं की. पोरीचा कांदा उपाशी ऱ्हाईल म्हनलं." त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला चांगलं भांडायचं होतं, तेही जमेना.

तोच कांदा घेऊन बारामतीची एसटी धरली. स्लाइडवर एकही पेशी विभागताना दिसेना. सगळ्या आतून आकसून भिंतींपासून सुटलेल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डोळा लावला आणि विचारलं, "हे काय?"

मी घडाघडा बोलत सुटले. खतानं बाहेरचं पाणी दाट झालं, म्हणून पेशीच्या पातळ पडद्यातून आतलं पाणी तिकडं निघून गेलं. "पाण्यात बसून तहानेनं मेली, सर."

"खत कुणी घातलं?"

"वडिलांनी."

सर इतके हसले की सगळी लॅब वळून बघायला लागली. विभाजनाचे मार्क गेले ते गेलेच, पण तोंडीचे त्यांनी सढळ हातानं दिले. पुण्याला प्रवेश मिळाला, अगदी काठावर. आबांनी पेढे वाटले, पण त्या कांद्याचा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जायचे.

पुढच्या वर्षी एका सकाळी ते हॉस्टेलच्या दारात उभे. हातात ग्लास, त्यावर कांदा, खाली पांढरीशुभ्र मुळं. सणसरपासून मांडीवर धरून आणलेला. अर्धं पाणी धोतरावर सांडलेलं.

"निस्तं पानी हाय. काय बी घातलं न्हाय," ते आधी म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही. कॉलेजच्या मॅडमना विचारून आबांना लॅबमध्ये नेलं, टोक कापलं, रंगवलं, काचेखाली दाबलं. आबांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर. मधल्या पेशीत तांबडे धागे दोन्ही टोकांकडे निघाले होते.

"एकीच्या दोन व्हनार व्हय? मग पयली कुठं ऱ्हाती?"

"पहिली उरत नाही, आबा. दोघींत वाटून जाते."

ते बराच वेळ काचेवरून डोळा काढेनात. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "आसंच आसतंय. चल, मला गाडीत बशिव."