रेडिओला त्रास न देणारा कॉम्प्युटर

मला हैदराबादच्या एका दुकानदारानं फसवलं आणि माझ्यामुळं शेजारचे गुरुजी फसले. माझं नुकसान भरून निघालं. त्यांचं निघालं नाही, म्हणून हे लिहितोय.

उमरग्यात हमरस्त्याला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण सातवी. मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मग ट्रकच्या वायरिंगवर हात बसवत सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकलो. कोणी शिकवलं नाही, कोणी उभं केलं नाही. त्यामुळं असेल, पण सांगितलेल्या भावात मी मेथीची जुडीसुद्धा कधी घेतली नाही.

ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांत घरी वापरायचे कॉम्प्युटर निघाल्याचं ऐकलं. चपटा डबा, वर बटणं, आणि तो टीव्हीला जोडायचा. आमच्याकडं तेव्हा टीव्हीवर चित्रच येत नव्हतं. मी निव्वळ कॉम्प्युटरसाठी जुना टीव्ही आणला तेव्हा गल्ली हसली. हसू दे म्हटलं. टायपिंगचा क्लास गावात होता, कॉम्प्युटरचा नव्हता. तो मला काढायचा होता.

हैदराबादला दुकानदाराला पहिला प्रश्न मी भावाचा विचारला नाही. वेल्डिंगचं मशीन सुरू झालं की रेडिओ कसा खरखरतो, हे मी रोज बघत होतो. म्हणून विचारलं, "इसके बाजू में रेडिओ चलेगा क्या?"

त्यानं डबा उलटा केला. माल परदेशी, खाली इंग्रजीत एक शिक्का होता. त्यावर बोट ठेवून म्हणाला, "वहाँ की सरकार खुद जाँचती, सेठ. रेडिओ-टीव्ही को तकलीफ नै देता, तभीच ये ठप्पा मिलता."

मग मी भावाला बसलो. दोनदा उठून जिन्यापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली. "शाम को आओ. तुम्हारे भाव में दूसरा पीस देतूँ." संध्याकाळी तसाच डबा मिळाला, खाली तसाच शिक्का. मी जिंकलो होतो. परतीच्या बसमध्ये सारखा पिशवीला हात लावून बघत होतो.

गुरुजींचं आणि आमचं घर एका भिंतीचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ते निवृत्त झालेले. सकाळी बुद्धवंदना झाली की रेडिओ लावायचे. त्यांची मुलगी जवळच्या खेड्यात बायकांच्या दूध सोसायटीची सचिव होती. पावसानं सलग पाठ फिरवली त्या वर्षांत तिथल्या बायकांनी मिळून चारा आणला आणि एकही म्हैस बाजारात जाऊ दिली नाही. त्यावर बोलायला तिला सोलापूरच्या रेडिओ केंद्रानं बोलावलं. दहा मिनिटांचं भाषण झालं. संध्याकाळच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ते अमुक दिवशी लागेल, असं पत्र आलं. गुरुजींनी ते पत्र गल्लीत प्रत्येकाला वाचून दाखवलं, मला दोनदा.

आणि नेमका त्याच सुमारास त्यांचा रेडिओ संध्याकाळी खरखरू लागला.

त्यांनी तो दुकानात आणला. दुकानात स्वच्छ वाजला. दुसऱ्यांदा आणला, मी एक कंडेन्सर बदलला, तरी घरी तेच. तिसऱ्यांदा आणला तेव्हा माझं डोकं फिरलं. "गुरुजी, रेडिओला काय बी झालेलं न्हाई. तुमची ठेवायची जागाच चुकतीय." ते घरी गेले आणि रेडिओ कपाटावरून खिडकीत, खिडकीतून चुलीपाशी हलवत राहिले.

मग त्यांनी वहीत लिहून आणलं. वीज गेली की सेलवरचा हा रेडिओ स्वच्छ, वीज आली की खरखर. पाच दिवसांच्या वेळा मांडल्या होत्या, मास्तरी अक्षरात. मी वाचलं आणि थेट विजेच्या ऑफिसात जाऊन तुमचा ट्रान्सफॉर्मर खराब आहे म्हणून लाइनमनच्या सात पिढ्या काढल्या. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून भिंतीच्या अलीकडं मी रोज काय चालू करतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? त्याला शिक्का होता.

भाषणाच्या दिवशी गुरुजींच्या अंगणात सतरंजी टाकली होती. सोसायटीच्या चार बायका खेड्यातून आल्या होत्या. मुलगी नवं पातळ नेसून दाराशी उभी. कार्यक्रम सुरू झाला आणि रेडिओतून नुसती माशी घोंघावल्यासारखा आवाज. गुरुजींनी हाक मारली, "अहो शेजारी, या लवकर!" मी कॉम्प्युटर तसाच सोडून धावलो. रेडिओ फिरवला, उभा केला, आडवा केला, थापट्या मारल्या.

"बाईचा आवाज यायलाय बगा मदीमदी," एक म्हातारी कान लावून म्हणाली.

"ती म्हस हाय, आत्या," दुसरी म्हणाली, आणि सगळे हसले. मुलगीही हसली. गुरुजी हसले नाहीत.

मी पेचकस मागवून मागचं झाकण काढत होतो, तोच रेडिओ एकदम स्वच्छ झाला. बाई निवेदक म्हणत होत्या, "आत्ताच आपण ऐकलंत," आणि पुढं मुलीचं नाव. मग सनई लागली.

मी घराकडं तोंड करून ओरडलो, "काय केलंस गं?"

"तुमचं ते मशीन बंद केलं," बायको आतून म्हणाली. "माणूस न्हाय, काय न्हाय, कोनासाठी चालू ठिवायचं?"

"परत लाव!"

सनईवर माशी बसली. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"बोल की गं आता हितंच," बायका मुलीला म्हणाल्या. तिनं दोन वाक्यं म्हटली आणि थांबली. "तसं न्हाय येत आता," म्हणाली. गुरुजींनी नंतर केंद्राला पत्र घातलं. त्या टेपवर दुसरा कार्यक्रम भरला गेला होता.

त्याच संध्याकाळी मी माफी मागायला गेलो, तर गुरुजी म्हणतात, "तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? तीनदा खोललात की तुम्ही." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी कॉम्प्युटर उघडला. आतल्या सर्किटच्या पाटीभोवती डाग काढल्याच्या ताज्या खुणा होत्या. लहरी बाहेर जाऊ नयेत म्हणून तिथं पत्र्याचा डबा असायला हवा होता. तो कोणीतरी काढून घेतला होता.

सकाळच्या गाडीनं हैदराबाद गाठलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "भाव तुम तोडे, डब्बा हम निकाले. हिसाब बरोबर." मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. पैसे दिले त्यानं. मग वर म्हणतो, "ठप्पा नमूने को मिला था सेठ. बाकी माल कौन खोल के देखता?"

आल्यावर पोस्टात गेलो. गुरुजी दर वर्षी तिथं रेडिओच्या परवान्याची फी भरत, एकदाही चुकवली नाही. मी कारकुनाला विचारलं, रेडिओ बंद पाडणाऱ्या मशीनला परवाना कोण देतं? तो म्हणाला, तसलं खातं आपल्याकडं नाही. मुंबईला, दिल्लीला अर्ज पाठवले. एकाचंही उत्तर नाही.

भाव मी तोडला, कबूल. पण शिक्क्याचा भाव मी केला नव्हता. पत्रा काढला, तर शिक्का का खरवडला नाही? आणि एक नमुना तपासून हजारो डब्यांवर शिक्के मारू देणारे, आणि इकडं ऐकणाऱ्याकडून फी घेऊन त्याच्या कानाची राखण न करणारे, यातल्या कोणीतरी उमरग्याला यावं, गुरुजींच्या अंगणात उभं राहावं आणि त्यांच्या मुलीची ती दहा मिनिटं कुठं गेली, ते त्यांना तोंडावर सांगावं.