आईचं फूल आणि दादाच्या जीपचा सुपरचार्जर

परवा लालबागला दादाच्या मुलाकडे गेले होते. खाली पार्किंगमध्ये दादाचा नातू एसयूव्हीच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभा... "सुपरचार्जर बसवतोय आजी, घरच्या घरी. तुला नाही कळणार."

मला नाही कळणार! अरे बाळा, तुझ्या आजोबांनी याच जागेवर, जुन्या चाळीच्या अंगणात, जीपला सुपरचार्जर बसवला तेव्हा नट-बोल्टची परात धरून मीच उभी होते. त्याला ऐकवलंच, आता तुम्हीही ऐका.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. दादा गिरणीत फिटर आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या कलापथकाचा ड्रायव्हर आणि ढोलकीवाला. मी पोवाडे गायचे. लिलावात घेतलेल्या एका जुन्या लष्करी जीपमध्ये बाकं ठोकून सगळं पथक, पेटी, ढोलकी कोंबून आम्ही गावोगावच्या सभांना जायचो.

सपाट रस्त्यावर ती जीप झोकात चालायची. घाट आला की बसकण मारायची... एकदा नाशिकला निघालो तर कसाऱ्याच्या घाटात सगळ्यांनी ढकलून वर नेली. पोचलो तेव्हा सभा संपलेली, माईकवाला वायर गुंडाळत होता. एक ओळही न गाता परत आलो. वाटेत मी खूप रडले.

नाशिकच्या मंडळींनी पुन्हा बोलावलं, पण स्पष्ट बजावलं की या वेळी उशीर झाला तर पुढच्या सभांना दुसरं पथक बघू. दादाने ते फार मनाला लावून घेतलं.

एका पारशी शेटच्या मोडीत काढलेल्या रेसच्या गाडीतला सुपरचार्जर त्याने पैदा केला. दादा त्याला ब्लोअर म्हणायचा. इंजिनाला पट्ट्याने जोडला की तो इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि गाडीला जोर येतो, एवढं मला कळलं होतं... आणि तेवढं पुरेसं असतं.

लोखंडी अँगल कापून दादाने ब्रॅकेट केला, पुली लेथवर कातून आणली. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर आता ब्लोअरच्या वर बसला, त्यामुळे हवेचा जुना फिल्टर बॉनेटखाली मावेना. "ऱ्हाव दे, मागाहून बघू," म्हणत त्याने कार्बोरेटरचं हवा ओढणारं तोंड तसंच उघडं ठेवलं. शनिवारी संध्याकाळी परळ नाक्यापर्यंत चक्कर मारली तर काय... गाडी शीळ घालत पळाली! गॅलरीत उभी राहून अख्खी चाळ टाळ्या वाजवत होती.

रविवारी सकाळी निघायची वेळ. आई पूजेचं ताट घेऊन खाली आली. आम्ही मूळचे मालवणकडचे, नवीन यंत्राला हळदकुंकू, नारळ, फूल झाल्याशिवाय हलायचं नाही. दादा स्टिअरिंगवर, बॉनेट उघडं, आई इंजिनापाशी, आणि मी मागे पेटी मांडीवर घेऊन बसलेली.

नारळ फुटला, दादाने स्टार्टर दाबला. इंजिन क्षणभर गुरगुरलं आणि गपकन बंद पडलं. पुन्हा दाबला... खोकल्यासारखा आवाज, आणि पुन्हा बंद.

दादाने प्लग काढून बघितले, पट्टा सैल करून बघितला. चेहरा उतरला होता त्याचा. शेवटी म्हणाला, "ब्लोअरच गेलो वाटता. काढूक व्हयो." काढायला दुपार झाली असती, आणि काढल्यावर पुढे तोच घाट...

पण आईचं तोंड मात्र आनंदाने फुललेलं! मला रागच आला. म्हटलं, आई, इथे आमचं सगळं बुडतंय आणि तू हसतेस काय?

"अगो, मी वरच्या तोंडार झेंडूचा फूल वाह्यलंय. गाडी चालू झाली आणि देवान ता घेतल्यान. उजवो कौल दिल्यान!"

आमच्याकडे देवाला कौल लावतात... देवाला लावलेलं फूल उजवीकडे पडलं की देवाने होकार दिला. आईचं फूल उजवीकडे नाही, डावीकडे नाही, थेट आत गेलं होतं! तिच्या लेखी याहून मोठा होकार नव्हता.

दादाने कार्बोरेटर उघडला. झेंडू आतल्या झडपेत गच्च बसलेला. माझ्या केसांतला आकडा घेऊन त्याने एकेक पाकळी उपसली. मी हसत होते, तो मालवणीत शिव्या घालत होता, फुलाला, आईला नव्हे.

आई तरातरा वर गेली आणि चहाची पितळी गाळणी घेऊन आली. "ही बांध. हेच्यातसून चायची पावडर जायना, फूल खयसून जातला?" दादाने मुकाट्याने गाळणी उघड्या तोंडावर तारेने आवळली, स्टार्टर दाबला... आणि काय सांगू, इंजिन असं गरजलं की पेटीवाल्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

कसाऱ्याचा घाट आला. सवयीने पथकातले दोघे ढकलायला उतरायच्या तयारीत एक पाय बाहेर काढून बसले होते. कुणाला उतरावं लागलं नाही! एकामागून एक ट्रक मागे टाकत आमची जीप शीळ घालत वर गेली, आणि आम्ही सगळे घसा फाटेस्तोवर ओरडत होतो. मला तर गायचं होतं, पण भान कुणाला?

नाशिकला पोचलो तेव्हा मंडपात लोक नुकते येऊन बसत होते. सभेची सुरुवातच माझ्या पोवाड्याने झाली. दादाला हात धुवायचंही सुचलं नव्हतं, ढोलकीवर त्याच्या बोटांचे काळे ठसे उमटत होते. पोवाडा संपल्यावर टाळ्या थांबेनात... मी वळून बघितलं तर माझा फिटर भाऊ ढोलकी सोडून डोळे पुसत होता, आणि तोंडभर ग्रीस.

पुढे महाराष्ट्र झाला, रस्त्यारस्त्यात लोक नाचले, आम्हीही नाचलो. पण जिंकणं म्हणजे काय, ते मला त्याआधीच त्या मंडपात कळलं होतं. आज दादा नाही, आई नाही... आई, दादा, तुमच्या दोघांमुळे मी वेळेवर पोचले, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं होतं.